अक्षर-प्रतिस्थापन लिपी

अक्षर-प्रतिस्थापन लिपी ही गुप्त संदेश लिहिण्याची एक प्राचीन पद्धती होय. हिच्यात मूळ मजकुरातील प्रत्येक अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर, अंक वा चिन्ह योजतात. अक्षरांचा क्रम मात्र बदलत नाही. कोणत्या अक्षरासाठी काय योजावयाचे, हे सांगणाऱ्या कोष्टकास किल्ली म्हणतात.

पद्धती

रोमन सेनानी ज्युलियस सीझर पत्रांतील प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतील तीन घरे पुढचे अक्षर लिहीत असे, अशी नोंद सुएटोनियस या चरित्रकाराने केली आहे. देवनागरीत प्रत्येक व्यंजन एक घर पुढे सरकवल्यास ‘पहाटे निघा’ याचे ‘फळाठे पिङा’ होते. येथे काने, मात्रा व वेलांट्या जशाच्या तशा राहिल्या आहेत. चाणाक्ष वाचकास तेवढा धागाही पुरतो. म्हणून स्वरचिन्हेही बदलणे इष्ट.

उकल

26 अक्षरांच्या रोमन वर्णमालेत अक्षरे हवी तशी अदलाबदल केल्यास 4 या अंकापुढे 26 शून्ये लिहून होणाऱ्या संख्येइतक्या किल्ल्या संभवतात. एकेक किल्ली लावून पाहणे अर्थातच अशक्य. तथापि ही प्रचंड संख्या फसवी आहे. प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. इंग्रजीत ‘ई’ हे अक्षर सर्वाधिक येते. चिन्ह बदलले तरी ही वारंवारिता बदलत नाही. बगदादमधील विद्वान अल-किंदी याने नवव्या शतकात या तत्त्वावरील उकलीची रीत लिहून ठेवली.

स्कॉटलंडची राणी मेरी हिला या पद्धतीवरील विश्वास प्राणांतिक ठरला. इंग्लंडमध्ये नजरकैदेत असता तिने 1586 मध्ये अँथनी बॅबिंग्टन याच्याशी गुप्त पत्रव्यवहार केला. पत्रे बिअरच्या पिंपांतून ने-आण होत. अक्षरांची चिन्हे, काही शब्दांची स्वतंत्र चिन्हे आणि चकविण्यासाठी निरर्थक चिन्हे अशी तिची लिपी होती. एलिझाबेथ राणीचा मंत्री वॉल्सिंगहॅम याच्या पदरी असलेल्या थॉमस फेलिप्स याने ती उलगडली; एवढेच नव्हे, तर मेरीच्या पत्राखाली त्याच लिपीत बनावट ताजा कलम घालून कटवाल्यांची नावेही विचारली. पत्रांच्या पुराव्यावर मेरी दोषी ठरली आणि फेब्रुवारी 1587 मध्ये तिचा शिरच्छेद झाला. कच्ची सांकेतिक लिपी उघड्या पत्राहून घातक असते, कारण लिहिणारा निर्धास्तपणे सर्व काही लिहून जातो.

मराठीतील वापर

महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळ लिपीत नागरी अक्षरांच्या जागी अन्य चिन्हे येतात. किल्ली पंथीयांपाशीच राहिल्याने हे वाङ्मय कित्येक शतके बाहेरच्यांस अपरिचित होते. ते लिपीच्या काठिण्यापेक्षा पंथीयांच्या मौनामुळे, असे म्हणावे लागते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे व वि. ल. भावे यांच्या परिश्रमांनी ते अभ्यासकांस खुले झाले. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’सारखा तेराव्या शतकातील गद्यग्रंथ त्यानंतरच मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आपल्या जागी आला.