धातूची भुकटी आणि सुट्या भागांतील दोष

कळंबोलीच्या पोलाद बाजारात माल पारखला जातो तो जाडी, वजन आणि प्रत पाहून. पत्रे, सळया, कॉइल यांना ही कसोटी पुरते. परंतु तेच पोलाद भुकटीच्या रूपात आले की केवळ रासायनिक प्रत जुळून भागत नाही. कणाचा आकार, आकारमान व पृष्ठभाग यांवर तयार भागाचे भवितव्य ठरते. मेटल इंजेक्शन मोल्डिंग, अर्थात 'मिम' या पद्धतीत याचा प्रत्यय विशेष येतो.

पद्धत काय आहे?

१९७० च्या दशकात अमेरिकेत विकसित झालेल्या या पद्धतीत बारीक धातुचूर्ण मेण व प्लॅस्टिकच्या बंधकात कालवून साच्यात दाबाने भरतात. नंतर बंधक काढून टाकून तो भाग भट्टीत तापवला जातो. स्टेनलेस स्टीलसाठी हे तापमान सुमारे १३०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असते. शस्त्रक्रियेची उपकरणे, दातांच्या तारांचे ब्रॅकेट, घड्याळांचे भाग असे लहान व गुंतागुंतीचे भाग त्यातून घडतात. या क्षेत्रातील जगातील मोठ्या उत्पादकांपैकी एक, इंडो-एमआयएम, बंगळूरची आहे. महाराष्ट्रात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे होगानास या मूळच्या स्वीडिश कंपनीचा लोहचूर्णाचा कारखाना आहे. दाबून घडवण्याच्या जुन्या पद्धतीत शंभर मायक्रॉनच्या आसपासचे कणही चालतात. 'मिम'ला मात्र साधारणतः २० मायक्रॉनहून बारीक चूर्ण लागते.

कणाचे आकारमान

कण जितका बारीक तितका भाग भट्टीत घट्ट होतो. मात्र बारीक कणांचे एकूण पृष्ठफळ वाढते. त्यामुळे बंधक अधिक लागते, मिश्रण दाट होऊन साचा अपुरा भरतो आणि कणांमधील वाटा अरुंद असल्याने बंधक सावकाश बाहेर पडते. घाई केल्यास वायू कोंडून फोड येतात किंवा तडे जातात. याउलट कण जाड असल्यास भागात छिद्रे राहतात व ताकद घटते.

कणाचा आकार

वायूच्या झोताने केलेले चूर्ण गोलसर असते. ते दाटीने बसते व सहज वाहते. पण बंधक निघताना गोल कण एकमेकांत अडकत नाहीत आणि भाग खचतो. पाण्याच्या झोताने केलेले चूर्ण ओबडधोबड व स्वस्त असते. ते आकार धरून ठेवते. परंतु कमी दाटीने बसते आणि त्यात प्राणवायूचे प्रमाण अधिक असते. म्हणून अनेकदा दोहोंचे मिश्रण वापरतात.

प्राणवायू व कार्बन

कणांवरील ऑक्साइडची भट्टीत कार्बनशी क्रिया होते. पोलादातील कार्बन अशा रीतीने घटला की भाग अपेक्षेइतका कठीण होत नाही. उलट, बंधकातील कार्बन मागे राहिल्यास स्टेनलेस स्टीलची गंजरोधक शक्ती कमी होते.

मापाचा हिशेब

समजा, मिश्रणात आकारमानाने ६० टक्के धातू आहे आणि अंतिम घनता ९७ टक्के मिळते. अशा वेळी भाग प्रत्येक दिशेने सुमारे १५ टक्के आक्रसतो; २० मिलिमीटरच्या भागासाठी साच्यातील माप साधारण २३.५ मिलिमीटर ठेवावे लागते. नव्या खेपेतील चूर्ण कमी दाटीने बसले आणि धातूचे प्रमाण ५८ टक्क्यांवर आले, तर त्याच साच्यातील भाग जवळपास पाव मिलिमीटरने लहान निघतो. या आकाराच्या भागाला साधारणतः ०.१ मिलिमीटरच्या आतबाहेरची सूट असते. म्हणजे संपूर्ण खेप बाद!

खरेदीतील दक्षता

साच्यातून निघालेला कच्चा भाग सदोष असल्यास तो दळून पुन्हा वापरता येतो. भट्टीतून निघालेला भाग मात्र भंगारातच जातो. चुर्णातील दोष बहुधा भट्टीनंतरच उघड होतात, हीच यातील खरी मेख आहे. म्हणून प्रत्येक खेपेचे कणांचे वितरण, ठोकघनता, प्राणवायू व कार्बन तपासून घेणे, डबे कोरड्या जागी बंद ठेवणे आणि गुठळ्या झालेले चूर्ण न वापरणे हिताचे ठरते. किलोमागे वाचवलेले पैसे बाद झालेल्या एकाच खेपेत निघून जाऊ शकतात.