लोकवर्गणीचा धडा

पूर्वजांच्या कीर्तीचा अभिमान बाळगणें सोपें. त्या कीर्तीच्या खुणांची दरसाल डागडुजी करणें कठीण. जुनें स्मारक अथवा गांवचा ग्रंथसंग्रह कोणाच्या पैशानें राखावा, सरकारच्या कीं लोकांच्या, हा प्रश्न आज पुष्कळ ठिकाणीं विचारला जातो. त्याचीं दोन उत्तरें आपल्या वडीलधाऱ्या पिढ्यांनीं पूर्वींच देऊन ठेविलीं आहेत. एक रायगडावर, दुसरें बडोद्यास. तीं शेजारीं ठेवून पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

इ. स. १८८३ मध्यें जेम्स डग्लस या परकी ग्रंथकारानें मुंबईवरील आपल्या पुस्तकांत रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीची दुर्दशा वर्णिली आणि तिच्यासाठीं एक रुपयाहि कोणी खर्चीत नाहीं म्हणून खेद दर्शविला. पुढें मुंबई सरकारनें समाधीच्या देखभालीसाठीं वर्षास ५ रुपये मंजूर केले! ज्या पुरुषानें राज्य स्थापिलें त्याच्या समाधीची ही किंमत पाहून महाराष्ट्रास लाज वाटावयास हवी होती, आणि ती वाटलीहि. १८९५ सालीं लोकमान्य टिळकांनीं ‘केसरी’मधून हा विषय हातीं घेतला, पुण्यास हिराबागेंत सभा भरली आणि फंड सुरू झाला. त्यांत संस्थानिकांप्रमाणेंच सामान्य माणसांनींहि आपापल्या ऐपतीप्रमाणें भर घातली. १८९६ च्या एप्रिलांत प्रत्यक्ष रायगडावर उत्सवहि साजरा झाला.

पण समाधीचा जीर्णोद्धार केव्हां झाला? १९२५-२६ च्या सुमारास. म्हणजे फंडानंतर सुमारें तीस वर्षांनीं. ज्यांनीं हांक दिली ते टिळक १९२० मध्येंच निवर्तले होते. या विलंबाचा सारा दोष लोकांच्या आळसाला देणें अन्यायाचें होईल. मध्यंतरीं १८९७ आणि १९०८ सालचे राजद्रोहाचे खटले झाले, चळवळीचा मुख्य आधारच तुरुंगांत गेला, आणि शिवाजीच्या नांवाकडे सरकार संशयानें पाहूं लागलें. तथापि एवढें म्हटल्यावांचून राहवत नाहीं कीं, उत्साहाच्या लाटेवर जमलेला पैसा लाट ओसरल्यावर एकटा पडतो. त्याला दरसाल विचारणारें, हिशेब मागणारें माणूस गांवोगांव असावें लागतें.

असें माणूस निर्माण करण्याची युक्ति बडोद्यास सांपडली. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनीं १९०६ सालीं आपल्या संस्थानांत सक्तीचें मोफत प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केलें. परंतु शाळा सोडलेल्या मुलास वाचावयास कांहीं न मिळालें तर शिकलेलें अक्षर विसरलें जाणार, ही चिंता त्यांना होती. म्हणून १९१० सालीं त्यांनीं अमेरिकेंतून विल्यम बॉर्डन नांवाचे ग्रंथपाल आणविले. चरोतरांत मोतीभाई अमीन यांनीं त्यापूर्वींच लोकांच्या मदतीनें वाचनालयें काढण्याचें काम आरंभिलें होतें, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. राजाची इच्छा आणि लोकांची हौस यांची गांठ अशी पडली.

या योजनेचें मर्म पैशाच्या वांटणींत होतें. गांवानें वर्षास कांहीं रक्कम, खेड्याच्या बाबतींत १०० रुपयांपर्यंत, वर्गणीनें जमवावी. तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीनें द्यावी, आणि तेवढीच सरकारनें. एक तृतीयांश गांवाचा, दोन तृतीयांश बाहेरचा. सरकार उदार होतें, पण गांवानें आपला वांटा उचलल्याशिवाय त्याची थैली सुटत नसे. आणि वांटा दरसाल द्यावयाचा असल्यामुळें गांवाला दरसाल विचार करावा लागे, कीं हें वाचनालय आपणांस हवें आहे कीं नको? या रीतीनें संस्थानांत शेकडो खेड्यांत वाचनालयें उभीं राहिलीं.

कोणी म्हणेल, ज्या गांवाला शंभर काय, दहा रुपयेहि जमवितां येत नाहींत, त्यानें काय करावें? आक्षेप खरा आहे. वर्गणीच्या प्रमाणांत मदत देणें म्हणजे ज्याच्यापाशीं आहे त्यालाच अधिक देणें, हा दोष या पद्धतींत जन्मतःच आहे. बडोद्यानें त्यावर फिरत्या ग्रंथपेट्यांचा उपाय योजिला. निवडक पुस्तकांनीं भरलेल्या या पेट्या वाचकांना विनामूल्य मिळत आणि त्यांच्या वाहतुकीचा खर्चहि सरकार सोशी. नियम कडक आणि अपवाद दयाळु, अशी ही व्यवस्था होती.

हा इतिहास आज आठवण्यास कारण आहे. २०२५ च्या जुलैमध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. त्यांपैकीं अकरा महाराष्ट्रांत, एक तमिळनाडूंत जिंजीचा, आणि या बारांत रायगड आहेच. आतां पांच रुपयांची लाज राहिली नाहीं. परंतु पैसा आला कीं लोकांनीं बाजूस व्हावें, कंत्राटदारानें पुढें यावें, आणि पायथ्याच्या गांवानें उत्सवाच्या दिवशीं तेवढी गर्दी करावी, हें भय मात्र आम्हांस वाटतें. प्रत्येक किल्ल्याच्या पायथ्याशीं गांवाचा लहानसा का होईना, पण स्वतःचा निधि असावा. ज्याला पैसा देणें शक्य नाहीं त्यानें टाक्यांतील गाळ काढण्याचे चार दिवस दिले, तर तीहि वर्गणीच समजावी, आणि तिच्या जोडीला सरकारनें आपला वांटा घालावा. खर्चाचा हिशेब गांवच्या चावडीवर दरसाल वाचला जावा.

ज्या वास्तूसाठीं मनुष्यानें आपल्या गांठचें कांहीं वेंचलें, तिचा दगड हलला तर त्याला झोंप येत नाहीं. वारसा राखणारा याहून चांगला पहारेकरी कोणत्याहि सरकारला पगार देऊन मिळावयाचा नाहीं.