घरोघरचा धर्मवारसा

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त इतिहासपर कांहीं लिहावें अशी समितीनें आज्ञा केली, तेव्हां मीं प्रथम कपाटांतील जुन्या वह्या काढून पाहिल्या. स्नानसंस्कार, विवाह व मृत्यु ह्यांच्या नोंदी त्यांत व्यवस्थित आहेत. परंतु कोणत्या घरीं सायंकाळची प्रार्थना कोणत्या भाषेंत होई, नाताळास काय शिजे, मुलाचा हात धरून क्रूसाची खूण त्यास प्रथम कोणीं शिकविली, ह्याची एकहि ओळ तेथें नाहीं. वस्तुतः श्रद्धा एका पिढीकडून दुसरीकडे गेली ती ह्याच नोंद नसलेल्या वाटेनें. म्हणून ख्रिस्तमंदिराच्या बांधकामाचा वृत्तांत इतर बंधूंवर सोंपवून मी ह्या वाटेविषयींच थोडें लिहितों.

ह्या वाटेचें सामर्थ्य किती, हें मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या आद्य ग्रंथाच्या चरित्रावरून दिसून येतें. येशूसंघाचे इंग्रज धर्मगुरु फादर थॉमस स्टीफन्स हे इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आले. साष्टी प्रांतांतील नवख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें सुटलीं होतीं व त्यांच्या जागीं घरीं बसून वाचावें असें कांहींच मिळालें नव्हतें. ही उणीव ओळखून त्यांनीं ओवीबद्ध मराठींत ‘ख्रिस्तपुराण’ रचिलें. तें १६१६ सालीं रोमन लिपींत छापून निघालें. १६४९ व १६५४ सालीं आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढें १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेविरुद्ध हुकूम काढिला. आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि छापील प्रत कोणाच्या पाहण्यांत नाहीं. मग सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आपल्या हातीं आला कसा? कोणा बापानें तो हातानें उतरवून घेतला, घरांत मोठ्यानें वाचिला, पानें झिजलीं तेव्हां पुन्हां उतरविला आणि मुलाच्या स्वाधीन केला, म्हणून आला. मंगळूर प्रांतींच्या ख्रिस्ती कुटुंबांत ह्या पोथ्या जपून ठेविल्या होत्या. त्या लोकांस टिपू सुलतानानें १७८४ सालीं श्रीरंगपट्टणास बंदींत नेलें. १७९९ मध्यें टिपू पडेपर्यंत त्यांची सुटका झाली नाहीं. धर्मगुरु जवळ नाहींत, मंदिरें पाडलेलीं, अशा त्या पंधरा वर्षांत पुराणाच्या पठणानें धीर दिला असें तेथील वृद्ध सांगत आले आहेत. १९०७ सालीं जोसेफ साल्दान्या ह्यांनीं मंगळुरास हा ग्रंथ पुन्हां छापविला तो हस्तलिखितांच्या आधारें. श्री. शांताराम बंडेलू ह्यांची १९५६ ची देवनागरी आवृत्ति मीं सेमिनरींत असतां वाचिली. तेव्हां भाषेचें सौंदर्य पाहिलें, पण उतरवून घेणाऱ्या त्या हातांचा विचार मनास शिवला नाहीं.

आपले अरण्यवासी शेजारी ह्या बाबतींत आपल्या मागें नाहींत. गोंड कुळें चार, पांच, सहा व सात देवांचीं अशीं मोजिलीं जातात आणि समान देवसंख्येच्या कुळांत सोयरीक होत नाहीं; त्यामुळें आपण किती देवांचे, हें मूल घरांतच शिकतें. भामरागड व एटापल्लीकडील माडिया गांवांत गोटुल असे. तेथें मोठीं मुलें लहानांस गाणीं, नाच व गांवची रीत शिकवीत. बाहेरून आलेल्या कित्येक लेखकांनीं गोटुलाविषयीं भलतेंच चटकदार लिहून ठेविलें. तेथें चालणारें शिक्षण मात्र त्यांपैकीं थोड्यांसच दिसलें.

आतां आपल्या घराकडे येऊं. चांदा जिल्हा (१९६४ पासून चंद्रपूर, त्यांतून १९८२ सालीं गडचिरोली निराळा झाला) हा पूर्वीं १८८७ सालीं स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांताखालीं होता. १९६२ मध्यें तो केरळच्या कार्मेलाइट धर्मगुरूंकडे सोंपविण्यांत आला व १९७७ सालीं चांदा हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. कोळशाच्या खाणी, बल्लारपूरची कागद गिरणी, रेल्वे, इस्पितळें ह्यांच्या निमित्तानें नाना प्रांतांचीं ख्रिस्ती कुटुंबें येथें आलीं व प्रत्येकानें आपापली रीत पेटींत घालून आणिली.

केरळच्या कुटुंबांतील पवित्र गुरुवारची रात्र आमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. तांदूळ व उडदाची बिनखमिराची भाकर वाफवितात, तीवर झावळ्यांच्या रविवारच्या पात्याचा क्रूस ठेवितात. आपल्याकडे नारळाची झावळी कोठून असणार? शिंदीच्या पात्यानें काम भागतें. प्रार्थनेनंतर बाप भाकर मोडतो आणि वडिलांपासून धाकट्यापर्यंत क्रमानें देतो. सोबत नारळाचें दूध व गूळ. ज्या घरीं त्या वर्षीं मृत्यु झाला असेल तेथें ती करीत नाहींत, शेजारी आणून देतात. ह्या सर्वांत मला मोलाची वाटते ती लहान मुलाची पृच्छा: आजच असें कां? निर्गमाच्या ग्रंथांत वल्हांडणाच्या विधींत मुलानें विचारावें व बापानें सांगावें, अशी योजनाच आहे.

येथें मला स्वतःचा एक दोष सांगितला पाहिजे. मी नवा धर्मगुरु असतां धर्मशिक्षणाच्या परीक्षेंत एक मुलगा प्रभूची प्रार्थना तेलुगूंत म्हणूं लागला. त्याची आजी सिरोंच्याकडील. मीं त्या माउलीस बोलावून सांगितलें कीं, मुलाचा गोंधळ होतो, घरींहि मराठींतच म्हणा. कुटुंब ही घरची ख्रिस्तसभा आणि आईबाप हे मुलांचे पहिले उपदेशक, हें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचें १९६४ चें वचन मीं नुकतेंच परीक्षेसाठीं पाठ केलें होतें, आणि त्यांत मला गुणहि चांगले मिळाले होते! आजीनें मान हलविली. “बरं, फादर,” एवढेंच म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिनें नातवापुढें तोंड मिटलें.

पुष्कळ वर्षांनीं तिच्या अंत्यसमयीं मला बोलावणें आलें. तिला मराठी शब्द उमजेनासे झाले होते. ओठ तेलुगूंत हलत होते. वयांत आलेला नातू उशाशीं उभा होता. त्यानें प्रार्थना सुरू केली, दोन ओळींनंतर अडखळला आणि माझ्याकडे पाहूं लागला. मला तर एकहि ओळ येत नव्हती.

तो आतां दोन मुलांचा बाप आहे. गेल्या नाताळांत त्यानें मला एक शाळेची वही दाखविली. सिरोंच्याकडच्या एका वृद्ध आत्याकडून ऐकून आजीचीं मागणीं त्यानें देवनागरींत उतरवून घेतलीं आहेत. दिवा लावितांना म्हणावयाच्या एका मागण्याच्या मधल्या दोन ओळी आत्यासहि आठवत नाहींत. त्यांची जागा त्यानें कोरी ठेविली आहे. त्याची धाकटी मुलगी वाचतांना त्या जागेवर आली कीं क्षणभर थांबते आणि मग पुढें म्हणते.