तह कोणाचा आणि शरणागती कोणाची?

इतिहासाच्या प्राध्यापकाने सनावळी चुकवली तर विद्यार्थीही हसतात. क्रियापद चुकवले तर कोणाच्या ध्यानात येत नाही. आपल्या समाजाच्या इतिहासाचे जेवढे नुकसान चुकीच्या सनावळीने झाले असेल त्याहून कितीतरी अधिक या क्रियापदांनी केले आहे, असे माझे मत आहे.

पदवीच्या वर्गात मी मुलांना इंग्रजी ग्रंथांतील उतारे मराठीत करावयास देतो. पुणे करारावरील उतारा आला की बहुतेक वह्यांत एकच वाक्य सापडते : बाबासाहेबांनी अखेर शरणागती पत्करली. मूळ उताऱ्यात कधी 'यील्ड' असते, कधी 'कन्सीड', कधी 'अ‍ॅग्री'. मुलांचा दोष नाही. खिशातला शब्दकोश 'सरेंडर', 'सबमिट', 'यील्ड', 'कॅपिट्युलेट' या सर्वांपुढे 'शरण जाणे' असे लिहून मोकळा होतो. हे शब्द मात्र एका मापाचे नाहीत.

'सरेंडर' म्हणजे हातातले दुसऱ्याच्या हवाली करणे. 'सबमिट'चा मूळ लॅटिन अर्थ खाली ठेवणे; म्हणूनच अर्ज 'सबमिट' करावा लागतो आणि गुन्हेगार 'सरेंडर' करतो. 'यील्ड'चा मूळ अर्थ देणे चुकते करणे असा आहे. शेताच्या उत्पन्नालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. कोकणातल्या ज्या अर्धेली कुळाने पिकातला अर्धा वाटा खोताच्या खळ्यावर नेऊन टाकला, त्याला हे दोन अर्थ एकत्र का, हे समजावून सांगण्याची गरज पडली नसती. 'कन्सीड'मध्ये बाजूला होऊन वाट देणे आहे. ती वाट आमच्या आज्यापणज्यांनी रोजच दिली, पण ते 'कन्सीड' करीत होते असे कोणी म्हणणार नाही. कारण हा शब्द ज्याच्यापाशी अडवण्याची ताकद आहे त्यालाच शोभतो. 'रिलेंट' म्हणजे पाझरणे, मऊ पडणे, आणि तेही बलवंताचेच. दुबळ्याला पाझरण्याची चैन परवडत नाही.

राहिला 'कॅपिट्युलेट'. आज तो नुसत्या हार मानण्यासाठी वापरतात. मुळात मात्र त्यात कलमे आहेत : वेढ्यात सापडलेल्या किल्ल्याने एकेक कलम लिहून, अटी ठरवून दरवाजा उघडणे. मे १७३९ मध्ये वसईच्या पोर्तुगीजांनी चिमाजी अप्पापुढे हेच केले आणि ते शस्त्रांसह, सन्मानाने किल्ल्याबाहेर पडले. पुढच्या वर्षी तहाने चौल-कोर्लईही त्यांच्या हातून गेले. कोर्लईचा किल्ला आमच्या काशीदपासून उत्तरेला थोड्या अंतरावर आहे. तेथे येणारा कोणताही वाटाड्या पोर्तुगीज शरण आले म्हणून त्यांना हिणवीत नाही. तह झाला, असे तो सांगतो.

मराठीत हा 'तह' शब्द फार मोलाचा आहे, आणि तो कोणाला द्यावयाचा हे ठरलेले आहे. जून १६६५ मध्ये पुरंदरला शिवाजी महाराजांनी मिर्झाराजे जयसिंगाला तेवीस किल्ले दिले. आपल्याजवळ बारा ठेवले. प्राथमिक शाळेपासून आपण त्याला पुरंदरचा तह म्हणतो, आणि तसे म्हणणे योग्यच आहे. कारण वेढा होता, कलमे होती, आणि पुढे काय झाले तेही आपल्याला ठाऊक आहे. काशीदहून दक्षिणेला मुरूड, तेथे जंजिरा. तो अजिंक्य राहिला याचा अभिमान पर्यटकांना आवर्जून सांगितला जातो. त्या संस्थानच्या नबाबाने १९४८ मध्ये राज्य सोडले. त्याचे नाव विलीनीकरण. राजाचा तह होतो, नबाबाचे विलीनीकरण होते, सवर्णांचे हृदयपरिवर्तन होते. मग शरणागती उरते कोणासाठी?

महाडचे उदाहरण घेऊ. ते आमच्याच जिल्ह्यातले आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याले गेले, हे सर्वांना पाठ असते. डिसेंबरातला प्रसंग मात्र घाईघाईने उरकला जातो. १४ डिसेंबरला महाडच्या दिवाणी कोर्टाने तळ्यावर जाण्यास तात्पुरता मनाई हुकूम दिला. २४ तारखेस बाबासाहेब दोनशेवर प्रतिनिधींसह 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले. ती बोट आमच्या काशीदसमोरच्या समुद्रातूनच दक्षिणेकडे गेली असणार. २५ तारखेस दुपारी मंडळी दासगावला उतरली आणि पाच मैल चालत महाडला पोहोचली. त्याच रात्री मनुस्मृती जाळली गेली. सत्याग्रहासाठी जवळजवळ चार हजारांनी नावे नोंदवली. मंडपाला जागा सवर्णांपैकी कोणी दिली नव्हती. ती एका मुसलमान गृहस्थाने दिली होती.

आणि २७ तारखेस सत्याग्रह स्थगित करण्याचा ठराव खुद्द बाबासाहेबांनी मांडला. घरावर तुळशीपत्र ठेवून आलेल्या माणसांना तो किती जड गेला असेल याची कल्पना करता येते. काही लेखकांनी याला सरळ 'माघार' म्हटले आहे. पण माघारीत मागे सोडलेली जमीन शत्रूच्या ताब्यात जाते. येथे काय गेले? मिरवणूक तळ्याभोवतालच्या रस्त्याने निघालीच. लढा सवर्णांशी आहे; सरकारला आणि कोर्टाला त्यांच्या बाजूने अंगावर ओढवून घेण्यात शहाणपण नाही, हा हिशेब होता. दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने तळे बंद ठेवणाऱ्यांचे अपील फेटाळले; अनादी कालापासूनची रूढी त्यांना शाबीत करता आली नाही. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा ठोठावणारे हेच न्यायाधीश. आणखी एक गोष्ट पाहावी. महाडचे ते वादी १९३७ पर्यंत 'रिलेंट' झाले नाहीत. ते हरले. तरी हरणारे म्हणून त्यांची इतिहासात नोंद नाही!

आता पुणे करार. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा दिल्या, आणि दोन मते : एक स्वतंत्र मतदारसंघात, दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. २० सप्टेंबरला येरवड्यात गांधीजींचे उपोषण सुरू झाले. २४ तारखेस करारावर सह्या झाल्या. स्वतंत्र मतदारसंघ गेला, दुसरे मतही गेले. जागा १४८ झाल्या, मध्यवर्ती कायदेमंडळात ब्रिटिश हिंदुस्थानच्या सर्वसाधारण जागांपैकी १८ टक्के जागा ठरल्या, आणि चार उमेदवारांची प्राथमिक निवडणूक अस्पृश्यांच्याच मतांनी व्हावयाची ठरली.

यास काय म्हणावे? 'सरेंडर' म्हटले तर ही सारी कलमे पुसली जातात. 'कॉम्प्रमाइज' किंवा तडजोड म्हटले तर दोन बरोबरीचे पक्ष बैठकीला बसले होते असा भास होतो. प्रत्यक्षात गांधीजींचे बरेवाईट झाले असते तर त्याची झळ खेडोपाडीच्या अस्पृश्य वस्त्यांना लागली असती, ही भीती त्या बैठकीत हजर होती. 'कन्सीड'मध्ये दडपण दिसत नाही. माझ्या दृष्टीने जुन्या अर्थाचा 'कॅपिट्युलेट' सर्वांत जवळचा, आणि मराठीत तह. वेढा होता. वेढ्यातल्या माणसाने कलमे लिहून घेतली. जे दिले ते फार मोठे होते, हे झाकण्याचे कारण नाही. दोन मतांचा अधिकार गेला आणि आपले प्रतिनिधी पुन्हा इतरांच्या मतांवर अवलंबून राहिले. राखीव जागांवरून निवडून येणाऱ्यांकडे पाहिले की ती किंमत आजही दिसते. तह महागात पडला असे अवश्य म्हणावे. पुरंदरचाही पडला होता.

कोणी म्हणेल, हा शब्दांचा खल कशाला, कराराचे परिणाम तर बदलत नाहीत. परिणाम बदलत नाहीत हे खरे. पण 'शरणागती' शिकलेला आपला मुलगा त्या कराराची कलमे वाचावयास जातच नाही. शरण गेलेल्याला कसली कलमे, असे त्याला वाटते. मी वर्गात ही कलमे फळ्यावर लिहून मग प्रश्न विचारू लागलो, तेव्हापासून वाद चांगले होऊ लागले. काही मुले करारावर माझ्यापेक्षाही कडक टीका करतात, पण कलमाचा हवाला देऊन करतात.

बाबासाहेब स्वतः इंग्रजी शब्द फार जपून वापरीत. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा हिशेब मांडणारा त्यांचा ग्रंथ १९४५ साली निघाला. गांधीजींचा जीव आणि अस्पृश्यांचे राजकीय हक्क या दोहोंच्या पेचात आपण निवाड्यात बदल करण्यास संमती दिली, अशा आशयाचे ते स्वतःविषयी लिहितात. 'सरेंडर' हा शब्द त्या ग्रंथात एका प्रकरणाच्या मथळ्यावरच आहे, आणि त्याच्या जोडीला 'अ‍ॅब्जेक्ट' म्हणजे लाचार असे विशेषण आहे. ते प्रकरण मंदिरप्रवेशाच्या विधेयकाविषयी आहे. निवडणुका समोर दिसताच काँग्रेसने त्या विधेयकाचा पाठिंबा काढून घेतला आणि रंगा अय्यर यांना १९३४ मध्ये ते मागे घ्यावे लागले. शरणागती हा शब्द बाबासाहेबांनी काँग्रेसच्या नावावर टाकला आहे.