वाटेवरचे नाव आणि वाटेची तयारी

कुर्ल्यात दोन अनोळखी माणसे भेटली की पहिला प्रश्न आडनावाचा आणि दुसरा गावाचा. आळंदीहून पंढरीला पायी निघाले की हे दोन्ही प्रश्न मागे पडतात. पाणी देणारा ‘माउली’, घेणाराही ‘माउली’. ज्ञानेश्वरांचे हे लाडके नाव वारकऱ्यांनी आपसांत वाटून घेतले आहे.

लांबच्या पायवाटेवर निराळे नाव मिळण्याची रीत परदेशातही आहे. 1955 साली एमा गेटवुड या 67 वर्षांच्या बाई अमेरिकेतील अ‍ॅपलेशियन वाट, म्हणजे सुमारे 3,300 किलोमीटर, एकट्या चालून गेल्या. पायांत कापडी बूट आणि खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, एवढीच तयारी. लोक त्यांना ‘गेटवुडआजी’ म्हणू लागले. पण नाव त्यांच्या एकटीचे आणि तयारीही एकटीचीच.

आपल्याकडे दोन्ही सामाईक. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 साली पालखी सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आरफळच्या हैबतबाबांनी ज्ञानेश्वरांच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा उभा केला. ते शिंद्यांच्या चाकरीत राहिलेले. सोहळ्याला त्यांनी लष्करासारखी शिस्त लावली. दिंड्यांचा क्रम ठरला, चोपदार आले. आजही सुमारे 250 किलोमीटरची ही वाट चालण्यासाठी दिंडीत नाव द्यावे, भिशी भरावी. तंबू, शिधा, भांडी गाडीत जातात आणि वारकरी माळ-टाळ घेऊन मोकळा चालतो.

तथापि याच सामाईक शिध्यापाशी एक गाठ आहे. इरावती कर्वे वारीत चालल्या. ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी नोंदले आहे की, एकाच दिंडीत बरोबर चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगळे बसत. वाटेच्या शेवटीही तीच कथा होती. अस्पृश्य मानलेल्या भाविकांना विठ्ठलमंदिर खुले व्हावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. तोवर वाटेवरच्या ‘माउली’ला उंबरठ्यावर पुन्हा जात विचारली जात होती.

म्हणून आम्हांस वाटते, नाव एका दिवसात मिळते. त्या नावाला शोभेल अशी पंगत मांडायला पिढ्या लागतात. येत्या आषाढीला आपल्यापैकी जे निघतील, त्यांनी वहाणा आणि घोंगडी तर पाहावीतच; पण पहिल्या मुक्कामी आपल्या पंगतीत शेजारी कोण बसले आहे, तेही पाहावे.