चंद्र, चांदण्या आणि खवले

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले आणि धर्मग्रंथ बुडाले, असे आपली परंपरा सांगते. ग्रंथ नव्हते, तरी धर्म टिकला. आम्हांला वाटते, त्याचे पुष्कळसे श्रेय आकाशाला व समुद्राला आहे.

शनिवारी घाणा बंद, म्हणून कोकणात आपण ‘शनवार तेली’ ठरलो. शब्बाथ सुटतो तो तीन चांदण्या दिसल्यावर. त्याला घड्याळ लागत नाही. सणही चंद्राचेच. पुरीम अदारच्या १४ तारखेस, म्हणजे पौर्णिमेच्या सुमारास. शेजाऱ्यांची होळीही फाल्गुनी पौर्णिमेची. म्हणून आपले वडीलधारे पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत. त्याच चंद्राने समुद्राला उधाण येई.

आणि समुद्राने आहार राखला. दावीद राहबी यांनी आपल्या बायकांपुढे नाना प्रकारची मासळी ठेवली, तेव्हा पंख व खवले नसलेली त्यांनी बाजूला काढली, ही कथा प्रसिद्ध आहे. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ साली आपला इतिहास लिहिला. तो १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. पण त्याआधी कित्येक पिढ्या हा नियम चुलीपाशीच शिकवला जाई: रावस चालतो, मुशी, कोळंबी, खेकडा चालत नाही.

इस्राएलात शब्बाथ सुटण्याची वेळ छापील मिळते. तरी शनिवारी सांजवेळी नातवंडांना अंगणात न्यावे आणि तीन चांदण्या त्यांनाच मोजू द्याव्यात. आपला धर्म असाच हातोहात इथवर आला आहे.