मॅटोमो

मॅटोमो (जुने नाव: पिविक) ही संकेतस्थळावर येणाऱ्या अभ्यागतांच्या वावराची नोंद ठेवून तिचे अहवाल तयार करणारी मुक्त स्रोत संगणक प्रणाली आहे. ती पीएचपी या भाषेत लिहिलेली असून नोंदी साठवण्यासाठी मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा डेटाबेस वापरते. जीएनयू जीपीएल परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली ती उपलब्ध आहे. संकेतस्थळाचा चालक ही प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर बसवू शकतो. अशा वेळी अभ्यागतांची माहिती त्रयस्थ कंपनीकडे न जाता चालकाच्याच ताब्यात राहते. गूगल ॲनालिटिक्ससारख्या सेवांपासून तिचे मुख्य वेगळेपण यातच आहे.

इतिहास

मात्यू ओब्री यांनी पीएचपीमायव्हिजिट्स या आपल्या आधीच्या प्रकल्पाचा पुढचा टप्पा म्हणून २००७ मध्ये पिविकची सुरुवात केली. जानेवारी २०१८ मध्ये प्रकल्पाचे नाव बदलून मॅटोमो असे ठेवण्यात आले. 'प्रामाणिकपणा' असा अर्थ असलेला हा शब्द जपानी भाषेतून घेतलेला आहे. मूळ प्रणाली विनामूल्य आहे. ज्यांना स्वतःचा सर्व्हर सांभाळायचा नाही त्यांच्यासाठी इनोक्राफ्ट ही कंपनी सशुल्क सेवा पुरवते. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळांची आकडेवारी नोंदवणारी 'युरोपा ॲनालिटिक्स' ही सेवा मॅटोमोवर आधारलेली आहे.

कार्यपद्धती

संकेतस्थळाच्या प्रत्येक पानात जावास्क्रिप्टचा एक छोटा कोड घातलेला असतो. अभ्यागताच्या ब्राउझरमध्ये पान उघडताच तो कोड पानाचा पत्ता, वेळ, आधीच्या पानाचा दुवा, ब्राउझरचा प्रकार, पडद्याचा आकार इत्यादी तपशील मॅटोमोच्या सर्व्हरकडे पाठवतो. या कच्च्या नोंदींवरून दिवस, आठवडा, महिना व वर्ष यांचे एकत्रित अहवाल तयार होतात. जावास्क्रिप्ट वापरायची नसल्यास सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदवह्या आयात करूनही अहवाल मिळवता येतात. मात्र त्या नोंदींत शोधयंत्रांच्या स्वयंचलित फेऱ्याही मिसळलेल्या असल्यामुळे त्या गाळाव्या लागतात.

प्रारंभिक उभारणी

लहान संकेतस्थळासाठी साधी सामायिक होस्टिंग सेवाही पुरेशी ठरते. प्रणालीच्या फाइली सर्व्हरवर चढवून तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडला की पुढील टप्पे क्रमाने समोर येतात:

१. सर्व्हरची तपासणी
२. डेटाबेसचे नाव, वापरकर्ता व परवलीचा शब्द देणे
३. डेटाबेसमध्ये तक्ते तयार होणे
४. सर्वाधिकार असलेले मुख्य खाते उघडणे
५. संकेतस्थळाचे नाव, पत्ता व कालविभाग नोंदवणे
६. मिळालेला कोड प्रत्येक पानाच्या शीर्षभागात चिकटवणे

वर्डप्रेसवर चालणाऱ्या संकेतस्थळांसाठी स्वतंत्र प्लगइन उपलब्ध असून ते वापरल्यास कोड हाताने चिकटवावा लागत नाही.

कालविभागाची निवड वरवर किरकोळ वाटली तरी ती महत्त्वाची आहे. भारतातील संकेतस्थळासाठी जागतिक समन्वित वेळ तशीच ठेवल्यास मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या भेटी आदल्या दिवसाच्या खात्यात जमा होतात. कालविभाग नंतर दुरुस्त केल्यास तो पुढील नोंदींनाच लागू होतो. मागचे अहवाल आपोआप बदलत नाहीत.

चालकाच्या स्वतःच्या भेटी वगळणे हीदेखील सुरुवातीलाच करण्याची गोष्ट आहे. दिवसाला वीस-पंचवीस अभ्यागत येणाऱ्या संकेतस्थळावर चालकाने मजकूर तपासण्यासाठी केलेल्या फेऱ्यांनीच आकडा फुगू शकतो. यासाठी ठरावीक आयपी पत्ते वगळण्याची सोय आहे. घरगुती इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता बदलत राहत असल्यास आपल्या ब्राउझरमध्ये वगळणुकीची कुकी बसवणे अधिक भरवशाचे ठरते.

प्रमुख संज्ञा

भेट: एकाच ब्राउझरमधून सलग झालेला वावर. मूळ मांडणीनुसार ३० मिनिटे कोणतीही हालचाल न झाल्यास पुढील पृष्ठदर्शन नवी भेट म्हणून मोजले जाते.

अनन्य अभ्यागत: ठरावीक कालावधीत आलेले वेगवेगळे ब्राउझर. एकच व्यक्ती सकाळी मोबाइलवरून व दुपारी कार्यालयातील संगणकावरून आल्यास ती दोनदा मोजली जाते. रोजच्या अनन्य अभ्यागतांची बेरीज महिन्याच्या अनन्य अभ्यागतांइतकी येत नाही, कारण पुन्हा पुन्हा येणारा वाचक रोज नव्याने मोजला गेलेला असतो.

एकपृष्ठी भेटींचे प्रमाण: एकच पान पाहून परतलेल्या भेटींची टक्केवारी.

उगम: अभ्यागत कोठून आला याची वर्गवारी. थेट, शोधयंत्र, इतर संकेतस्थळ, समाजमाध्यम व मोहीम असे तिचे प्रमुख प्रकार आहेत.

उद्दिष्ट: चालकाला अपेक्षित असलेली कृती, उदाहरणार्थ संपर्क अर्ज पाठवणे किंवा पुस्तिका उतरवून घेणे.

आकड्यांच्या मर्यादा

मॅटोमो माणसे मोजत नाही, ब्राउझरकडून आलेल्या नोंदी मोजते. तिच्या बहुतेक मर्यादांचे मूळ या एका गोष्टीत आहे. जाहिरातरोधक साधने मागोवा घेणारा कोड अडवतात, त्यामुळे काही अभ्यागत मोजलेच जात नाहीत. कुकी बंद ठेवून मोजणी केल्यास ब्राउझर, कार्यप्रणाली, भाषा व आयपी पत्ता यांवरून तात्पुरती ओळख ठरवली जाते. अशा वेळी एकाच जोडणीवरील दोन सारखे मोबाइल एकच अभ्यागत म्हणून गणले जाऊ शकतात.

वाचनाचा वेळ दोन पृष्ठदर्शनांमधील अंतरावरून काढला जातो. शेवटच्या पानावर किती वेळ गेला हे त्यामुळे मूळ मांडणीत कळत नाही. एखाद्याने दीर्घ लेख शेवटच्या ओळीपर्यंत वाचून पान बंद केले, तरी त्याची भेट एकपृष्ठी व शून्य सेकंदांची दिसते. लेख नापसंत पडला असा निष्कर्ष त्यावरून काढणे चुकीचे ठरते. ठरावीक अंतराने संकेत पाठवणारी 'हृदयस्पंद' सुविधा सुरू केल्यास ही उणीव बरीच भरून निघते.

'थेट' या वर्गातील सर्वांनी पत्ता स्वतः टंकलेला असतो असेही नाही. व्हॉट्सॲपसारख्या संदेश ॲपमधून आलेल्या भेटींसोबत अनेकदा उगमाची माहिती येत नाही व त्या याच वर्गात जमा होतात. वितरित केलेल्या दुव्याच्या शेवटी मोहिमेचे नाव जोडल्यास त्या वेगळ्या ओळखता येतात. गूगलने २०११ पासून शोधसंज्ञा संकेतस्थळांपर्यंत पोहोचू देणे टप्प्याटप्प्याने बंद केले. परिणामी शोधयंत्रातून आलेल्या बहुसंख्य भेटींसमोर संज्ञा अज्ञात असल्याची नोंद दिसते.

कमी वर्दळीच्या संकेतस्थळावर टक्केवारी विशेष फसवी ठरते. आठवड्याच्या भेटी चारवरून सहावर गेल्या तर वाढ ५० टक्के दिसते, प्रत्यक्षात मात्र दोनच भेटी वाढलेल्या असतात. त्यामुळे अशा ठिकाणी रोजच्या चढउतारापेक्षा काही महिन्यांचा कल व ठरवलेली उद्दिष्टे अधिक उपयुक्त ठरतात.

गोपनीयता व कायदा

आयपी पत्त्याच्या चार भागांपैकी शेवटचे दोन झाकणे, कुकी न वापरणे, जुन्या कच्च्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर पुसणे आणि अभ्यागताला मोजणीतून बाहेर पडण्याचा पर्याय देणे या सोयी मॅटोमोत आहेत. कच्च्या नोंदी पुसल्या तरी एकत्रित अहवाल जपून ठेवता येतात.

युरोपीय संघाचा सामान्य डेटा संरक्षण नियम २५ मे २०१८ पासून लागू झाल्यावर अशा साधनांकडे लक्ष वेधले गेले. जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निर्णयात ऑस्ट्रियाच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने एका संकेतस्थळाचा गूगल ॲनालिटिक्सचा वापर, माहिती अमेरिकेत जात असल्याच्या कारणावरून, नियमबाह्य ठरवला. पुढे जुलै २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने अमेरिकेशी माहिती हस्तांतराच्या नव्या चौकटीला मान्यता दिली. फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामक संस्थेनुसार विशिष्ट मांडणीत मॅटोमो वापरल्यास अभ्यागताची पूर्वसंमती घेण्यातून सूट मिळू शकते.

भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. माहिती कोणत्या हेतूने घेतली जाते याची सूचना आणि संमती ही त्याची प्रमुख तत्त्वे आहेत.

देखभाल

स्वतःच्या सर्व्हरवर ठेवलेल्या नोंदींच्या सुरक्षिततेची जबाबदारीही चालकावरच येते. प्रणाली अद्ययावत ठेवणे, डेटाबेसची प्रत नियमितपणे काढणे व मुख्य खात्यासाठी द्विस्तरीय पडताळणी सुरू करणे ही त्यातील आवश्यक कामे होत. कमी वर्दळीच्या संकेतस्थळावर अहवाल उघडल्यावेळी तयार झाले तरी चालतात. रोजच्या भेटी काही शेंच्या वर गेल्यास ते काम सर्व्हरवरील नियोजित कार्याकडे सोपवले जाते. जुन्या कच्च्या नोंदी न पुसल्यास डेटाबेसचा आकार वाढत जातो आणि एखाद्या वेळी माहिती फुटल्यास होणारी हानीही त्या प्रमाणात वाढते.